कळा येतील तेव्हा मी काय करू?

या अंकासाठी नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विषय होता, बाळंतपणाची भीती. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. उत्तरं स्त्रीरोग आणि समुपदेशन या दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मला ३२ वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. अंबडच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. तपासण्या सगळ्या ठीक आहेत, पण रात्री आडवी झाले की एकच विचार येतो : कळा सुरू झाल्या आणि मला सोसल्याच नाहीत तर? घरात सगळे म्हणतात, 'घाबरू नकोस, सगळ्याच बायका करतात.' त्यानं धीर येण्याऐवजी माझ्यातच काही उणं आहे असं वाटतं. – एक वाचक, सिडको

तुमच्यात काही उणं नाही. 'घाबरू नकोस' हे वाक्यच अपुरं आहे. तुम्ही विचारताय 'कसं करू', आणि उत्तर मिळतंय 'करशील'. 'हे मला जमेल' ही खात्री माणसात कुठून येते, याची मांडणी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये केली. त्यानं चार वाटा सांगितल्या : स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहणं, कुणीतरी धीराचे शब्द बोलणं आणि आपल्या धडधडीचा, घामाचा आपण लावत असलेला अर्थ. यांत सगळ्यात पक्की वाट करून पाहण्याची. नुसत्या शब्दांचा धीर फार टिकत नाही, आणि तुमच्या वाट्याला नेमका तेवढाच आला आहे.

बाळंतपण आधी करून पाहता येत नाही. पण एक मिनिटाची तीव्र जाणीव कशी पेलायची, हे करून पाहता येतं. आणि कळ साधारण एक मिनिटाचीच असते. सुरुवातीला ती ३० ते ४५ सेकंद टिकते आणि पुढची यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जोर धरल्यावर दहा मिनिटांत तीन ते चार कळा येतात, प्रत्येक ४५ ते ६० सेकंदांची. हिशेबाचं काम करता ना, मग हा हिशेब मांडा : दहा मिनिटांत तीन कळा म्हणजे तीन मिनिटं कळेची आणि सात मिनिटं विसाव्याची. काहींची कंबर मधल्या वेळातही ठणकत राहते हे खरं. तरी 'बारा तास सलग वेदना' हे जे चित्र डोक्यात बसलेलं असतं, ते चुकीचं आहे.

आता सराव. फ्रीजमधल्या बर्फाचे चार-पाच खडे वाटीत घ्या आणि घड्याळ समोर ठेवा. एक खडा मुठीत धरून ६० सेकंद बसा. पहिल्या वेळी काहीच करू नका, मन काय बोलतंय तेवढं ऐका. बहुतेकींच्या मनात विसाव्या सेकंदाला 'बास, टाकून दे' येतं. खडा ठेवा, हात पुसा, दोन मिनिटं थांबा. आता दुसरा हात : नाकानं चार आकडे श्वास आत, तोंडानं सहा ते आठ आकडे सावकाश बाहेर. तिसऱ्या वेळी त्याच श्वासाबरोबर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर. चौथ्या वेळी सोबतीला येणारी व्यक्ती शेजारी बसून हळू आवाजात आकडे मोजेल. कोणत्या वेळी मिनिट लवकर सरलं ते लिहून ठेवा. आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा मिनिटं पुरेत. खडा एक मिनिटापेक्षा जास्त धरायचा नाही. गरोदरपणात हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर हा सराव वगळा आणि त्याऐवजी भिंतीला पाठ टेकून, गुडघे थोडे वाकवून मिनिटभर उभ्या राहा. मांड्या भरून येतात, तेवढं पुरे. तोल सांभाळायला बाजूला खुर्ची हवी.

बर्फ म्हणजे कळ नव्हे, हे आम्हालाही ठाऊक आहे. वेदनेची सवय लावणं हा इथे हेतू नाही. वेदना येते तेव्हा आपल्या हातात काहीतरी असतं, हे शरीराला एकदा कळावं, एवढ्यासाठी हा सराव.

चुका ठरावीक होतात. श्वास भरभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, गरगरतं. मग बाई आणखी घाबरते आणि आणखी भरभर श्वास घेते. असं झालं तर आत किती घेतला ते सोडून द्या, फक्त बाहेर सोडणं लांबवा. दुसरी चूक श्वास कोंडून धरण्याची आणि तिसरी दात आवळण्याची. जबडा सैल सोडून 'आ' किंवा 'हं' असा खालच्या पट्टीतला आवाज काढला की दोन्ही आपोआप सुटतात.

भीतीचा शरीरावर परिणाम होतो तो असा. घाबरलं की ॲड्रेनॅलिन वाढतं, स्नायू आवळतात, आवळलेल्या अंगाला कळ जास्त लागते, त्यानं भीती वाढते. कळा आणणारं ऑक्सिटोसिनही शांत, ओळखीच्या वातावरणात नीट पाझरतं. याचा अर्थ कळा मंदावल्या तर 'तू घाबरलीस म्हणून' असं कुणी म्हणावं असा मुळीच नाही. बाळाची बसणूक, कटिभाग, कळांचा जोर अशी डझनभर कारणं असतात.

आणखी एक काम या पंधरवड्यात करा. जिथे नाव घातलंय तिथे सिस्टरना विचारून लेबर रूम पाहून या. संडास किती लांब आहे, चालायला जागा कुठे, सोबतीचं माणूस कुठे बसतं, पोटाला लावायचा बाळाच्या ठोक्यांचा पट्टा कसा दिसतो, हे डोळ्यांखालून घाला. रात्री अडीच वाजता कळा देत आत शिरताना ती खोली ओळखीची वाटली तर अर्धी लढाई सोपी होते. वेदना कमी करण्याचे कोणते उपाय तिथे मिळतात, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून कमरेतून देतात ती भूल) देणारे भूलतज्ज्ञ रात्री असतात का, हेही तेव्हाच विचारा. एपिड्युरल घेणं म्हणजे हरणं नाही.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे. आमच्याकडे ओटी भरता भरता प्रत्येक जण आपल्या बाळंतपणाच्या भयंकर गोष्टी सांगते. मला ऐकवत नाही, पण मोठ्यांना गप्प कसं करायचं? – पंचवटी

तुम्ही करू नका. एक वडीलधारी निवडा, आई, मावशी किंवा थोरल्या जाऊबाई, आणि तिच्यावर हे काम सोपवा. तिनं इतकंच म्हणायचं, 'हे सगळं बाळ झाल्यावर सांगा, आज तिला तिच्या आवडीचं भरवूया.' तुमच्याशीच थेट कुणी बोलू लागलं तर उलट प्रश्न टाका : 'तेव्हा तुम्हाला कशानं बरं वाटलं?' त्याच बाईकडून मग कामाची गोष्ट ऐकायला मिळते. कुणी पाठ चोळली, कुणी हात सोडला नाही. बांडुराची दुसरी वाट हीच.

प्रश्न : पत्नीला ३५ वा आठवडा आहे. तिला वाटतं मी सोबत असावं. पण सरकारी रुग्णालयात पुरुषांना आत सोडत नाहीत असं ऐकलं. सोडलं तरी मी तिथे नेमकं करायचं काय? – एक होणारा बाबा, नाशिकरोड

आधी नियम. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीचं माणूस ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. पहिली पसंती स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नातेवाईक बाईला. पतीला तिथे सोडता येतं जिथे पडदे किंवा वेगळ्या खोल्यांमुळे इतर बायकांची आब राखली जाते. म्हणून आत्ताच जाऊन विचारा. नकार आला तर भांडत बसू नका, तिच्या आईला किंवा तिला आवडणाऱ्या दुसऱ्या कुणा बाईला तयार करा. 'तिला आवडणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे, नात्यातल्या मानापेक्षाही. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त, सिझरचं कमी आणि बाळंतपणाची वेळ थोडी कमी दिसते, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासल्यावर आढळलं आहे. खर्च शून्य आणि अपाय काही नाही, असा दुसरा उपाय प्रसूतिशास्त्रात शोधून सापडणं कठीण.

आता काम. पहिलं काम घरातच आहे, निघण्याची वेळ ओळखण्याचं. पहिलटकरणीचं घर शहरात असेल तर साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराची कळ, असं तासभर चाललं की निघावं. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत वेळ मोजा. पुष्कळ जण एक संपली तिथपासून मोजतात आणि आकडा चुकतो. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबल्या तर त्या खोट्या कळा. मात्र पाण्याची पिशवी फुटली, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागलं किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर मोजत न बसता लगेच निघा.

रुग्णालयात गर्भपिशवीचं तोंड तीनच सेंटिमीटर उघडलंय असं कळलं की घरच्यांचा धीर सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा जोरकस टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात. त्याआधीचा काळ किती चालेल याला ठरावीक माप नाही. पाचपासून दहापर्यंत पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत आणि पुढच्या खेपेला दहा तासांपर्यंत लागू शकतात. 'तासाला एक सेंटिमीटर' हा जुना हिशेब प्रत्येकीला लागू पडत नाही. तेव्हा दर तासाला 'अजून किती?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका. तिच्या कानावर तो 'तू उशीर करतेयस' असा पडतो.

कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या थोडं वर जे सपाट हाड लागतं, त्यावर तळहाताच्या टाचेनं स्थिर दाब द्या. चोळायचं नाही, दाबायचं, आणि कळ ओसरली की हात काढायचा. किती जोर हवा ते तीच सांगेल. बहुतेक पुरुष फार हळू दाबतात. कुणाला कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंनी आत आणि वर दाबलेलं जास्त बरं वाटतं. हे दोन्ही आजपासून घरी करून पाहा. मधल्या विसाव्यात दोन घोट पाणी, आणि डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तर नारळपाणी किंवा तांदळाची पेज. दर दोन तासांनी लघवीची आठवण करा. मूत्राशय भरलं तर बाळाचं डोकं खाली सरकायला अडथळा होतो आणि कळांच्या गडबडीत तिला ते कळतही नाही. उताणं झोपवून ठेवू नका. उभं राहणं, चालणं, उलटं बसून खुर्चीच्या पाठीवर ओणवं होणं, कूस, जे सोसेल ते.

बोलायचं थोडं. 'ही कळ उतरतेय', 'श्वास सोड', 'मी इथेच आहे' एवढी तीन वाक्यं बारा तास पुरतात. 'ओरडू नको', 'बघ, शेजारची किती शांत आहे' हे तोंडातून जाऊ देऊ नका. आणि एक क्षण लक्षात ठेवा : आठ-नऊ सेंटिमीटरच्या सुमारास पुष्कळ बायका थरथरतात, उलटी होते, 'मला नाही जमत, घरी चला' म्हणतात. तोवर धीरानं घेणारी बाईही इथे कोसळल्यासारखी वाटते. हे सहसा शेवट जवळ आल्याचं लक्षण असतं. सिस्टरना सांगा, तिच्या डोळ्यांत पाहा आणि तिच्याबरोबर श्वास सोडा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी पहिलं बाळंतपण झालं. मी रात्रभर एकटी होते. आवाज केला म्हणून मांडीवर चापट मारली, न सांगता योनीमार्गाला काप दिला. आता २० वा आठवडा आहे. दवाखान्याच्या वासानंही छातीत धडधडतं. डॉक्टरांना म्हटलं सरळ सिझर करा, तर त्या म्हणाल्या, दुसरं सोपंच असतं. – सिन्नर

तुमच्याशी जे झालं ते चुकीचं होतं. ते 'असंच असतं' या सदरात मोडत नाही. बाळंतपणाच्या तीव्र भीतीला वैद्यकीय भाषेत टोकोफोबिया म्हणतात, आणि आधीच्या वाईट अनुभवातून आलेली भीती हा त्याचा ओळखला गेलेला प्रकार आहे. चार वर्षांनंतरही ती रात्र स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा घडल्यासारखी वाटत असेल, दवाखान्याचा रस्ता टाळावासा वाटत असेल, बारीक आवाजानं दचकायला होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराला साधारण आठ ते बारा बैठका लागतात. विसाव्या आठवड्यात तेवढा वेळ हातात आहे, पस्तिसाव्यात नसतो. म्हणून याच महिन्यात सुरुवात करा.

जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि आत्ताच्या डॉक्टरांबरोबर बसून वाचा. काप का दिला, किती वेळ लागला, औषध कोणतं दिलं. काही गोष्टींना कारण निघेल, काहींना निघणार नाही. पण 'माझ्या शरीरानं दगा दिला' ही समजूत बहुतेकदा इथेच गळून पडते. सरसकट सगळ्यांना काप देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, हेही तुम्हाला माहीत असावं.

मग एका कागदावर चारच वाक्यं लिहा, जास्त नकोत, जास्त कुणी वाचत नाही. उदाहरणार्थ : माझ्याजवळ सतत बहीण राहील. आतून तपासण्याआधी मला सांगा. मी 'थांबा' म्हटलं तर हात थांबवा. काप देण्याची गरज पडली तर आधी कारण सांगून विचारा. हा कागद डॉक्टरांना ३० व्या आठवड्याआधी दाखवा, सही घ्या, केसपेपरला लावा. सहीला नकार देणारी जागा बदलायला तोवर वेळ असतो.

'दुसरं सोपंच असतं' यात अर्धं खरं आहे. पहिली प्रसूती नैसर्गिक झाली असेल तर दुसरी बहुधा लवकर होते, जोर देण्याचा वेळही साधारण दोन तासांच्या आत असतो. पण तुमची भीती वेळेची नाही, एकटेपणाची आणि न विचारता झालेल्या गोष्टींची आहे. त्यावरचं काम होऊनही सिझरच हवंसं वाटलं, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरेल आणि डॉक्टरांनी त्यावर नीट चर्चा करायला हवी.

प्रश्न : बाळ पायाळू आहे, सिझर करावं लागेल म्हणतात. इतके दिवस प्राणायाम, चालणं सगळं केलं, ते वाया गेलं का? – इंदिरानगर

नाही. ३६ आठवड्यांनंतरही बाळ पायाळू असेल तर पोटावरून हातानं फिरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सगळ्यांनाच ते करता येत नाही. सिझर झालंच तर मणक्यात भूल देताना पाठ वाकवून स्थिर बसायचं असतं, तेव्हा तोच लांब श्वास कामी येतो. बाळाला लगेच छातीवर ठेवाल का, हे आधी विचारून ठेवा. आणि पहिल्या दिवशी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, हातावर भार द्या, श्वास सोडत उठा.

प्रश्न : मुलगी सातव्यात माहेरी आली. गप्प गप्प असते, जेवत नाही, पहाटे तीनला उठून रडते. म्हणते बाळ नकोच होतं. जावई म्हणतात लाड पुरे झाले. – एक आई, ओझर

बाळंतपणाच्या भीतीपलीकडचं काही असू शकतं. तिला शांतपणे दोन गोष्टी विचारा : गेल्या महिन्यात सतत उदास, निराश वाटलं का? आवडत्या गोष्टीतही मन लागेनासं झालं का? एकीचंही उत्तर 'हो' असेल तर तपासणी हवी. गरोदरपणातही नैराश्य येतं, त्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि गरज पडल्यास गरोदरपणात देता येणारी औषधंही आहेत. आधीपासून एखादं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मरणाचा विचार बोलून दाखवला तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जावयांना पुढच्या तपासणीला सोबत बोलवा. काही गोष्टी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेल्या बऱ्या पडतात.

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. पाड्यावरच्या बायका शेवटच्या घटकेपर्यंत घरी थांबतात. 'दवाखान्यात कापतात, एकटीला ठेवतात' म्हणतात. गृहभेटीच्या दहा मिनिटांत कसं समजावू? – पेठ तालुका

आशाताई, सुरुवात धोक्यांच्या यादीनं करू नका. आधीच घाबरलेली बाई त्यानं आणखी आत जाते. पहिली पाच मिनिटं तिला बोलू द्या. 'दवाखाना म्हटलं की पहिलं काय आठवतं?' एवढं विचारा. भीती शरीराची आहे, जागेची की घराची, ते त्यातून कळतं. पुष्कळदा अडचण घराचीच निघते : थोरलं पोर कोण सांभाळेल, खर्चाचं काय. खर्चाचं उत्तर तुमच्याकडे आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, जेवण, १०२ ची जायची-यायची गाडी, सगळं मोफत आहे.

जागेची भीती बोलून जात नाही, दाखवून जाते. दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला तिला आणि सासूबाईंना बरोबरच न्या, लेबर रूम दाखवा, सिस्टरची नावानं ओळख करून द्या. सोबत म्हणून सासूबाई किंवा गावची अनुभवी सुईण आत येऊ शकेल का, ते तिथेच ठरवून घ्या.

शरीराबाबत तर या बायका शहरातल्यांपेक्षा तयार आहेत, फक्त त्यांना कुणी तसं म्हटलेलं नसतं. उकिडवं बसणं त्यांच्या अंगवळणी आहे, आणि भात आवणीला दिवसभर वाकून काम करणाऱ्या अंगात ताकदही आहे. जात्यावरची ओवी संथ म्हणून घ्या. एका ओळीत श्वास जितका लांब बाहेर जातो, कळेत तेवढाच हवा असतो. 'हे तुला येतंच' हे वाक्य तिथे खरं असतं, म्हणून ते लागू पडतं.

पावसाळ्यात सावळघाटाचा भरवसा धरू नका. तारखेच्या आधी चार-पाच दिवस माहेरघराची, म्हणजे बाळंतपणाआधी येऊन राहायची, सोय असलेल्या आरोग्य केंद्रात तिला आणता येईल का, ते सातव्या महिन्यातच घरच्यांशी ठरवा. भातकापणीनंतर दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर जाणारी कुटुंबं असतील तर माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाईच्याच हाती द्या, मुकादमाकडे नको. कार्डाच्या मागे तुमचा नंबर, रक्तगट, अपेक्षित तारीख आणि ज्या गावी चालली तिथल्या आशाताईंचा नंबर लिहा. ती निघण्याआधी त्या आशाताईंना एक फोन तुमच्यासमोरच लावा आणि दोघींना बोलू द्या.